पहिल्यांदा मिशनवर निघताना: दक्षिण सुदानचे नऊ महिने आणि त्याआधीचं एक वर्ष

"मिशनवर चाललेय," असं मी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "धर्म बदललास की काय गं?" काकूंची चूक नाही. आपल्याकडे मिशन म्हटलं की मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं, परदेशातून येऊन इथे वर्षानुवर्षं राहिलेले डॉक्टर आणि सिस्टर आठवतात. मदतकार्य करणाऱ्या संस्थांच्या बोलीत मात्र मिशन म्हणजे नुसती नेमणूक. अमुक देश, अमुक प्रकल्प, इतके महिने. आणि इथून तिकडे जाणंही काही आजचं नाही. १९३८ साली पाच डॉक्टरांचं भारतीय वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीने चीनला निघालं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस परत आलेच नाहीत. १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी ते तिथेच वारले.

आपल्याला कोटणीस व्हायचं नाहीये. आपल्याला जाऊन, नेमून दिलेलं काम करून, धड परत यायचं आहे. मी नर्स आहे, मेळघाटात काही वर्षं काढून दक्षिण सुदानला नऊ महिन्यांसाठी गेले. खाली जे सांगतेय ते नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट यांना जास्त लागू पडेल. पण अशा प्रकल्पांना पाणीपुरवठा बघणारे इंजिनिअर, भांडारपाल, हिशेबनीस, मेकॅनिक हेही लागतात, त्यामुळे त्यांनीही वाचायला हरकत नाही.

वर्षभर आधी: पात्रता आणि संस्था

"मला सेवा करायची आहे" हे अर्जात लिहून फारसा उपयोग होत नाही. निवड करणारा माणूस विचारतो, तुम्ही काय काय केलंय? बहुतेक संस्था शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात. तोही कसा, तर औषध संपलंय, ॲम्ब्युलन्स दोन तासांवर आहे आणि वॉर्डात तुमच्याशिवाय कुणी नाही, अशा ठिकाणचा. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या चकचकीत आयसीयूत चार वर्षं काढलेल्यांना माझा सल्ला असा, की आधी गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटात वर्ष-दीड वर्ष काढा. गडचिरोलीत बंग दांपत्याची 'सर्च', हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, नाहीतर सरळ सरकारी ग्रामीण रुग्णालय. धारणीत कोरकू बाईशी दुभाष्यामार्फत बोलायची सवय झाली, तिचा मला दक्षिण सुदानात कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोग झाला.

संस्था निवडताना दोन-तीन वाटा माहीत असाव्यात. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही १९७१ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली संस्था. १९९९ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं, आणि दिल्लीतही तिचं कार्यालय आहे. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना वेगळी, तिचं मुख्यालय जर्मनीत बॉनला. 'मर्सी शिप्स' ही ख्रिस्ती संस्था आफ्रिकेच्या बंदरांत रुग्णालय-जहाजं नेते, पण तिथे स्वयंसेवकाला बराचसा खर्च बहुधा स्वतःच उचलावा लागतो. पहिल्या दोन्हींत मानधन मिळतं. श्रीमंत होण्याइतकं नाही, पण घरचा हप्ता थांबणार नाही इतकं.

चौथी वाट जाहिरातीतून येते: दोन आठवडे, हसणारी आफ्रिकन मुलं, आणि "सहभाग शुल्क" अमुक डॉलर. तिथून लांब राहा. अनाथाश्रमात पंधरा दिवस पोरांशी खेळून परत येणाऱ्यांनी त्या पोरांचं भलं होत नाही. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जीव लावून निघून जातं, एवढंच त्यांच्या पदरात पडतं. ज्या कामाला तुम्हाला इथे कुणी हात लावू देणार नाही, ते काम तिथे करायला मिळतंय म्हणून जाऊ नका.

इंग्रजी बोलता आलं पाहिजे हे खरं, पण लिहिता येणं त्याहून महत्त्वाचं. रोजचा अहवाल, औषधांची मागणी, मृत्यूची नोंद, सगळं लिहायचं असतं. फ्रेंच येत असेल तर अर्धी लढाई जिंकलात, कारण काँगो, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक इथे फ्रेंचशिवाय पान हलत नाही. मला येत नव्हतं, म्हणून इंग्रजीवर चालणारा दक्षिण सुदान.

सहा महिने आधी: कागद

पासपोर्ट काढून तारीख बघा. मोहीम संपण्याच्या तारखेपुढे निदान सहा महिने तो चालला पाहिजे. नसेल तर आत्ताच नूतनीकरण करा आणि साठ पानी मागा. दर सुट्टीला दुसऱ्या देशात जाणं-येणं झालं की शिक्क्यांनी पानं भराभर संपतात.

नर्सेसनी एक गोष्ट नीट वाचावी. दहावी पास असलात की पासपोर्ट 'ईसीएनआर' असतो, म्हणजे नोकरीसाठी देश सोडताना सरकारी तपासणी लागत नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण २०१५ पासून, ज्या १८ देशांच्या बाबतीत सरकार जास्त काळजी घेतं, तिथे नोकरीसाठी जाणाऱ्या नर्सला ईसीएनआर पासपोर्ट असला तरी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देश सोडण्याची सरकारी परवानगी, घ्यावा लागतो. त्या यादीत आखाती देशांबरोबर सुदान आणि दक्षिण सुदानही आहेत. तुमच्या कराराला हे कसं लागू होतं, ते संस्थेला मेलवर विचारा आणि उत्तर छापून पासपोर्टसोबत ठेवा. विमानतळावर रात्री दोन वाजता इमिग्रेशनच्या काउंटरवर फोनवरची समजूत कामी येत नाही, कागद येतो.

नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत मोहिमेच्या मध्येच संपते आहे का, तेही पाहा. माझी संपत होती. जंगलातून उपग्रह इंटरनेटवर पंचवीस केबीचा फोटो अपलोड करायचा प्रयत्न मी तीन संध्याकाळी केला, शेवटी भावाने अमरावतीच्या सायबर कॅफेतून काम केलं.

आयकराचं गणित निघायची तारीख ठरण्याआधी करा. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर तो अनिवासी धरला जातो. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघणारी आणि दसऱ्या-दिवाळीनंतर निघणारी, दोघींचा पगार तोच असला तरी कर वेगळा पडू शकतो. तासभर सीएकडे बसा.

आणि आयुर्विम्याची पॉलिसी काढून बारीक अक्षरं वाचा. युद्धक्षेत्रात मृत्यू आला तर काय, हे त्यात कुठेतरी लिहिलेलं असतं. संस्थेचा विमा वेगळा असतो. त्याची प्रत घरी राहू द्या.

सुया

हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, म्हणून लसीकरण एवढ्या आधी सुरू करायचं. आपण दवाखान्यातले लोक "घेतलीय की कॉलेजात" म्हणून मोकळे होतो. अँटिबॉडी तपासून घ्या.

यलो फीव्हरची लस गल्लीतल्या डॉक्टरांकडे मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात, त्यामुळे बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वारी, नाव नोंदवूनच देतात. लस घेतल्याचं प्रमाणपत्र म्हणजे पिवळं कार्ड; ते लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. कार्डावरचं नाव पासपोर्टबरहुकूम आहे का, ते तिथल्या तिथे बघा. हे कार्ड जाताना लागतंच, पण परतीला त्याहून जास्त लागतं: त्या भागातून कार्डाशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात काढावे लागतात. दारात आई ताट घेऊन उभी आणि तुम्ही विमानतळाजवळच्या खोलीत, असं नको व्हायला.

विषमज्वर, मेंदूज्वर, धनुर्वात, पोलिओ, हेपॅटायटिस ए यांची यादी संस्था देईलच. रेबीजची लस मात्र आग्रहाने मागून घ्या. आधी घेतलेली असली तर कुत्रं चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, आणि जिथे आठवड्याला दोन विमानं येतात तिथे ते वेळेवर मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मलेरियाच्या गोळ्यांत निवड असते. डॉक्सिसायक्लिन रोज, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे. तिच्याने ऊन लागतं, त्वचा भाजल्यासारखी होते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, पण काहींना त्याने विचित्र स्वप्नं पडतात. पूर्वी नैराश्याचा त्रास झालेला असेल तर ती घेऊ नये, आणि ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस. मी डॉक्सी घेतली, आणि नाकाची साल दोनदा गेली.

दोन महिने आधी: घर

या टप्प्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या पाहण्यात मध्येच परत गेलेले जे दोघे होते, ते बॉम्बला किंवा मलेरियाला घाबरून गेले नव्हते. घरचं निस्तरलेलं नव्हतं म्हणून गेले.

पैशांपासून सुरुवात करा. बँकेचा ओटीपी तुमच्या भारतीय सिमवर येतो आणि ते सिम तिथे चालेलच असं नाही. मी सिम भावाच्या जुन्या फोनमध्ये घालून घरीच ठेवलं, दर महिन्याचं रिचार्ज त्याच्या गळ्यात घातलं आणि हप्ते, विजेचं बिल, विम्याचा हप्ता सगळं आपोआप कापलं जाईल अशी सोय केली. शेतीच्या किंवा घराच्या कामासाठी कुणाला मुखत्यारपत्र द्यायचं तर ते नेमक्या कामापुरतं द्या. "सगळं तूच बघ" असं भावाबहिणीत बोलायला गोड वाटतं, सातबाऱ्यावर नको.

मृत्युपत्र करा. साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सहीने होतं, स्टॅम्प लागत नाही. मी एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या नावावर एक स्कूटी आणि थोडी एफडी होती, तरी केलं.

मग आईवडील. त्यांना नकाशा दाखवा, पण बातम्या लावून देऊ नका. आठवड्यातून कधी फोन येईल ते सांगा आणि कधी नाही आला तर घाबरायचं नाही हेही सांगा. दक्षिण सुदानपेक्षा आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. माझी संध्याकाळची मोकळी वेळ म्हणजे घरी रात्रीचे साडेदहा-अकरा, आणि बाबा नऊला झोपणारे. म्हणून रविवारची सकाळ ठरवली. सगळ्यात अवघड प्रश्न आम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सोडवला: घरात कुणाचं काही झालं तर मला लगेच सांगायचं की नाही? कोटणीसांना वडील गेल्याची बातमी चीनमध्ये कळली होती आणि ते थांबले. मी आईला सांगितलं, लगेच सांगायचं, यायचं की नाही ते मी ठरवीन. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल, पण निघण्याआधी ठरवा. विमान रोज नसतं, आणि पावसात तर आठवडाभर नसतं.

सामान: वीस किलो

मुंबईहून आदिस अबाबामार्गे जुबापर्यंत, म्हणजे दक्षिण सुदानच्या राजधानीपर्यंत, मोठ्या विमानात दोन बॅगा नेता येतात. खरी अडचण पुढे. जुबाहून आत जायला संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी हवाई सेवेचं छोटं विमान असतं, आणि तिथे माणशी वीस किलो. वजनकाट्यावर माझे साडेपाच किलो जास्त भरले. जुबाच्या गेस्ट हाउसमध्ये मागे काय ठेवलं? दोन जीन्स, हेअर ड्रायर (हसू नका) आणि आईने दिलेला छोटा कुकर.

काय न्यावं: डोक्याला बांधायची टॉर्च, एक नव्हे दोन. गुडघ्यापर्यंतचे गमबूट. सैल सुती कपडे, खांदे आणि गुडघे झाकणारे. ओढणी, जी धूळ आली की तोंडाला, विमानात उशीला, ऊन लागलं की डोक्याला. सहा महिन्यांचं सॅनिटरी सामान किंवा सरळ कप. चष्मा असेल तर दुसरा चष्मा. पुस्तकं फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. शंभरच्या डॉलर नोटा नव्या, निळ्या पट्टीच्या आणि कोऱ्या पाहिजेत. माझ्या एका नोटेवर कुणीतरी पेनने एक बारीक रेघ मारली होती, ती नोट नऊ महिने फिरून माझ्याबरोबर परत आली.

खाण्याचं फार नेऊ नका. काळा मसाला, मेतकूट, थोडं लोणचं, बस. कारण तिथे पोचल्यावर कळतं की त्या लोकांचं मुख्य अन्न ज्वारीच आहे. शिजवून घट्ट उकडीसारखं केलेलं असिदा, आणि आंबवलेल्या पिठाची तव्यावर पातळ पसरलेली किस्रा, आपल्या आंबोळीच्या चुलत बहिणीसारखी. शेंगदाणे आहेत, भेंडी आहे. पहिल्या रविवारी मी आमच्या स्वयंपाकीणबाईंना भाकरी थापून दाखवली. त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या, मग एक घास खाऊन म्हणाल्या, हे अर्धंच झालंय, आंबवलं का नाही?

जुबा

राजधानीत दोन-चार दिवस माहितीसत्रं होतात. कंटाळा येतो, पण झोपू नका. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली, जुलै २०१६ मध्ये जुबातच लढाई झाली आणि भारताने 'ऑपरेशन संकटमोचन' करून हवाई दलाच्या दोन सी-१७ विमानांतून आपली माणसं आणली. म्हणून उतरल्या उतरल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. फोटो काढू नका. नाईलवरचा पूल, विमानतळ, सैनिक, चौकी यांचा तर चुकूनही नाही. कुणालाही "तुम्ही कुठल्या जमातीचे" असं विचारू नका. आपल्याकडे आडनाव विचारून जे साधतात तेच हे, आणि तिथे त्याची किंमत जास्त आहे.

रेडिओ वापरायला शिकवतात, आणि 'रन बॅग', म्हणजे अचानक पळावं लागलं तर उचलायची पिशवी, भरायला लावतात: पासपोर्ट, डॉलर, औषधं, पाणी, टॉर्च, एक कपड्यांचा जोड. ही पिशवी दाराजवळ ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. मी महिन्याभरात तिच्यातली बिस्किटं खाल्ली. तसं करू नका.

मग एक फॉर्म येतो. तुमचं अपहरण झालं तर तुम्ही जिवंत आहात हे पटवण्यासाठी विचारायचे प्रश्न तुम्हीच लिहायचे, ज्यांची उत्तरं इंटरनेटवर किंवा फेसबुकवर सापडणार नाहीत. पंख्याखाली घाम पुसत मी बराच वेळ पेन धरून बसले होते. शेवटी लिहिलं: आजीच्या लाथाळ म्हशीचं नाव काय? उत्तर तुम्हाला सांगत नाही, अजून कधी लागेल.

पहिले तीन आठवडे: गप्प बसा

विमान मुरुमाच्या धावपट्टीवर उतरलं. पाय खाली ठेवला आणि ओळखीची गोष्ट दिसली: काळी कापसाची जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात बुटाला शेर-शेर चिखल. विदर्भातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पावसाळा साधारण मे ते नोव्हेंबर. तेव्हा गाडी जात नाही, धावपट्टी ओली असली की विमान उतरत नाही, आणि मागवलेली औषधं जुबात पडून राहतात. म्हणून मागणी नेहमी तीन महिने पुढची टाकायची.

राहायला मातीच्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं गोल टुकुल. शौचालय खड्ड्याचं, आंघोळ बादलीने. आपल्यापैकी बऱ्याच जणांना यात नवीन काही नाही. आमचा डच सहकारी पहिल्या रात्री बेडकांच्या आवाजाने झोपला नाही, मी मात्र ढाराढूर. एकच नवी गोष्ट शिकले: दोरीवर वाळत घातलेले कपडे, आतले सुद्धा, इस्त्री केल्याशिवाय घालायचे नाहीत. तिकडे ओल्या कपड्यांवर अंडी घालणारी एक माशी असते. अळी कातडीखाली शिरते आणि गळवासारखी वाढते. त्यामुळे धुणं करणाऱ्या बाई निखाऱ्यांची इस्त्री घेऊन बसतात, आपल्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असायची तशीच, आणि मोज्यांनाही घडी घालून देतात.

भाषा: आमच्या भागात नुएर जमातीची नुएर, बाजारात जुबा अरबी. "माले" म्हणून नमस्कार केला की नुएर माणसाचा चेहरा उजळतो. जुबा अरबीत पाणी म्हणजे मोया, दुखणं म्हणजे वजा, "इता क्वेस?" म्हणजे बरी आहेस ना. साबणाला साबून, खुर्चीला कुर्सी. आपण अरबीतून घेतलेले शब्द तिथे ओळख दाखवतात. दुभाष्याशी बोलताना दुभाष्याकडे नाही, रुग्णाच्या आईकडे बघून बोला.

आता मुख्य गोष्ट. परदेशातून आलेली नर्स म्हणून तुम्हाला 'सुपरवायझर' म्हणतात, आणि ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्यातले काही तुमच्याहून जास्त वर्षं हेच काम करत असतात. मदतसंस्थांतले बहुतांश लोक त्याच देशातले असतात. तुम्ही येता-जाता, ते राहतात. माझ्या पाचव्या दिवशी दोन वर्षांची एक मुलगी आली. दंडाचा घेर मोजायची पट्टी गुंडाळली तर १०४ मिलिमीटर, म्हणजे ११५ च्या खाली, लाल: तीव्र कुपोषण. जुलाब, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. माझा हात सलाईनकडे गेला. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, अशक्तपणा आला की सलाईन लावा. तीव्र कुपोषित मुलाचं हृदय इतकं थकलेलं असतं की शिरेतून भराभर गेलेलं पाणी त्याला पेलत नाही. हे मी शिकले होते, मेळघाटात दुसऱ्यांना सांगितलंही होतं. पण घाबरल्यावर हात जुन्या सवयीने चालतो.

शेजारच्या नर्सने, अकरा वर्षं त्याच वॉर्डात असलेल्या माणसाने, माझ्या मनगटावर हात ठेवला. "शॉक नाही, सिस्टर. ड्रिप नको." त्याने कुपोषित मुलांसाठीचं रेसोमल कालवलं, नळीवाटे किलोमागे ५ मिलि, दर अर्ध्या तासाने, आणि प्रत्येक वेळी आधी श्वास मोजला. मग एफ-७५, म्हणजे अशा मुलांना सुरुवातीला द्यायचं खास दूध, थोडं थोडं, रात्रभर. सकाळी पोरगी आईच्या मांडीवर बसून माझ्याकडे रागाने बघत होती. राग दिसला की समजावं, मूल सुधारतंय. त्याने मला कुणापुढे काही म्हटलं नाही. मीच सकाळच्या बैठकीत सांगितलं, आणि त्यानंतर वॉर्डातले लोक मला गोष्टी दाखवायला लागले.

तर पहिले तीन आठवडे एकही फेरबदल करू नका. वही ठेवा. "हे असं का?" असं वाटेल ते सगळं वहीत लिहा. तीन आठवड्यांनी त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळालेली असतात, आणि ज्यांची नाहीत तेवढेच बोलून दाखवा.

मधले महिने

चौथा-पाचवा महिना वाईट असतो. नवलाई संपलेली, परतीचा दिवस लांब, आणि मलेरियाच्या हंगामात एकेका खाटेवर दोन दोन मुलं. मृत्यू होतात. आकडा मी सांगणार नाही. दर सहा ते बारा आठवड्यांनी सक्तीची सुट्टी मिळते. "माझ्याशिवाय वॉर्ड कसा चालेल" म्हणून ती टाळणारी माणसं पुढे सगळ्यांच्या डोक्याला ताप होतात. जा, नैरोबीला जाऊन गरम पाण्याने आंघोळ करा, झोपा. संस्थेकडे फोनवर बोलायला समुपदेशक असतात, त्यांना फोन करायला मी चार आठवडे उगाच उशीर केला.

गावातल्या कुणाला पैसे देण्याबाबत संस्थेचा नियम पाळा. एकाला दिले की दाराशी रांग लागते आणि रखवालदार अडचणीत येतो. फोटोचंही तेच. पट्टी गुंडाळलेल्या दंडाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून "आमच्या ताईचं कार्य" अशी वाहवा मिळेल. तुमच्या भाचीचा असा फोटो कुणी टाकला असता तर?

निघताना

परतल्यावर मलेरियाच्या गोळ्या उरलेले दिवस घ्याच, आणि वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलेय" हे सांगा, नाहीतर ते डेंग्यूच शोधत बसतील. घरी लोक दोन प्रश्न विचारतील, तिकडे काय खायचीस आणि पगार किती होता. तिसऱ्या प्रश्नाची वाट बघू नका. लगेच नोकरीवर रुजू होऊ नका, महिनाभर तरी ठेवा. मला पहिल्या आठवड्यात डी-मार्टमध्ये बिस्किटांच्या रांगेपुढे उभं राहवेना.

पण त्याआधी हँडओव्हर. शेवटच्या दिवशी रात्री बसून लिहू नका, दोन आठवडे आधी सुरू करा. तुमच्यानंतर येणारी मुलगी तुमच्यासारखीच पाचव्या दिवशी घाबरणार आहे, तिच्यासाठी लिहा. माझी नोंद सहा पानांची झाली. औषधांचा साठा, कुठल्या महिन्यात किती मुलं येतात, कुठला फ्रीज दुपारी तापतो, कुणाची रजा बाकी आहे. कार्यक्रमाची उद्दिष्टं वगैरे तिला जुबात सांगतीलच, ती मी गाळली. शेवटच्या पानावर तीन ओळी होत्या. दुधाच्या पावडरच्या कपाटाची दुसरी किल्ली पंपामागच्या खिळ्यावर आहे. इस्त्रीवाल्या बाईंना शनिवारी सुट्टी दे, त्या स्वतः मागत नाहीत. आणि रात्रपाळीला ड्रिपकडे हात गेला तर आधी त्याला विचार, तो बहुतेक दाराजवळच्या स्टुलावर बसलेला असतो.